जोडणीच्या फाइलीची पहिली ओळ

गेल्या वर्षी आपल्या याच वार्षिक अंकात आमच्या निवृत्त संचालकांनी नव्या राज्याच्या नव्या राजधानीत, रायपुरात, संगणक कसा रुजला, यावर एक लेख लिहिला. लेख सुरेख होता. खोटा होता, एवढीच त्यात उणीव. सरकारी भरतीच्या बुलावापत्रांच्या, म्हणजे उमेदवारांना बोलावणाऱ्या पत्रांच्या, गोंधळाला त्यांनी दोन ओळी दिल्या आहेत: उमेदवारांची गर्दी आणि एका कंत्राटी प्रोग्रामरची हलगर्जी यांमुळे डेटाबेसच्या जोडण्या संपल्या, परंतु आमच्या चमूने चार दिवसांत सारे सुरळीत केले. दुसरी हकीकत आमचे लेखाशाखेतले एक स्नेही आमच्या बुढापारा मोहल्ल्यात सकाळच्या फेरफटक्यात सांगत असतात. त्यांच्या मते बाहेरच्या कोणी तरी सर्व्हरमध्ये शिरून पत्रे बिघडवली होती. तिसरी हकीकत माझ्याच घरातली. माझा मुलगा ती पाहुण्यांना हिंदीत ऐकवतो, "पापा ने अकेले बैठकर सब ठीक कर दिया था." या तिन्ही हकीकती चूक आहेत, आणि सर्वांत चूक आहे ती तिसरी.

मी त्या कार्यालयात सिस्टिम अ‍ॅनालिस्ट होतो. जन्म बुढापाऱ्यातला, वडील रेल्वेत कारकून, मूळ घराणे वर्ध्याकडचे. राज्य झाले तेव्हा भोपाळहून ज्यांची वाटणी इकडे झाली त्यांत मी होतो. बाकीचे कुरकुरत आले, मी घरी आलो. आम्हांला जी इमारत मिळाली तिच्यातल्या जुन्या दप्तरखान्यात सर्व्हर ठेवला होता. आमच्या दोन खोल्यांत मिळून एकच चांगली खुर्ची होती, आणि ती मी कोणाला देत नसे. संचालकांनी 'उभारणी' असा शब्द वापरला आहे. उभारणी झाली खरी, पण ती कोणी केली हे विचारल्यावर त्यांना स्वतःचे नाव आठवते आणि मला माझे. त्या दिवसांत जे चालत होते त्यातले बहुतेक माझ्या हातचे होते. हे मी आजही ठणकावून सांगतो, कारण पुढचे सांगण्याचा अधिकार मला त्यातूनच येतो.

हे काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे अवघड नाही. संकेतस्थळाचे पान तयार ठेवलेले नसते. कोणी मागितले की सर्व्हरवरची एक लेखी सूचना जागी होते, तिला स्क्रिप्ट म्हणतात. ती माहितीच्या कोठीकडे, म्हणजे डेटाबेसकडे, जाते, हवे ते मागते आणि पान रचून पाठवते. कोठीकडे जाण्याची जी वाट, तिला जोडणी म्हणायचे. या वाटा मोजक्याच असतात. गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गादीवर चारच गिऱ्हाइके मावतात. खरेदी झालेला माणूस तिथेच चहा पीत बसला, तर पाचव्याला दारात ताटकळावे लागते. म्हणून नियम असा की काम होताच जोडणी बंद करावी. विशेषतः फाइल डाउनलोड करवायची असेल तेव्हा, कारण त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून एक साधी फाइल उतरायला लोकांची अर्धी दुपार जात असे. आधी कोठीतून विचारायचे ते विचारून घ्या, गादी सोडा, मग सावकाश सामान उचला.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या तक्रारींत बिघाड नसेच. आमच्याच पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, एक निवृत्त तहसीलदार पेन्शनच्या यादीसाठी सलग आठवडाभर आले. "तुमचं यंत्र फाइल देते म्हणते अन् देत नाही," असे ते दरवाज्यातूनच ओरडत. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. यादी त्यांच्या संगणकात एका कोपऱ्यात सतरा वेळा उतरलेली होती. "साहेब, यंत्रानं सतरा वेळा दिली, तुम्ही एकदाही घेतली नाही," मी म्हणालो. त्यावर ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. असे प्रसंग मी चवीने सांगत असे. लोकांना काही कळत नाही आणि मला सारे कळते, ही त्यांतली चव.

आता त्या फाइलीविषयी. प्रत्येक स्क्रिप्टला कोठीचा पत्ता, नाव आणि परवलीचा शब्द लागतो. तो पुन्हा पुन्हा लिहू नये म्हणून मी एकच फाइल केली होती आणि प्रत्येक स्क्रिप्ट सुरुवातीलाच तिला बोलावून घेत असे. आम्ही तिला जोडणीची फाइल म्हणत असू. तिच्या माथ्यावर मी 'श्री' लिहिले होते. माझे वडील रजेच्या अर्जावरही श्री लिहीत. कोऱ्या कागदावर पहिले अक्षर दुसरे कोणतेही पडले तर ते कागद बदलत. मी तेच केले. यंत्राला देवनागरी धड येत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभे दंड देऊन, आणि ब्राउझरने ते वाचकाला दाखवू नये म्हणून टिपणीच्या खुणांमध्ये घालून. नव्या ओळीची खूण धरून एकंदर वीस अक्षरे.

खरे तर अशी टिपणी स्क्रिप्टच्या आतही लिहिता आली असती, तिथे ती कोणाला बाधत नाही. पण स्क्रिप्ट सुरू होण्याची स्वतःची एक खूण असते. आत लिहिले असते तर ती खूण श्रीच्या आधी आली असती. श्रीच्या आधी काही येऊ नये, म्हणून मी श्री खुणेच्या बाहेर, सर्वांत वर ठेवला. जे बाहेर असते ते यंत्र जसेच्या तसे पुढे पाठवून देते, हे मला ठाऊक होते. पानांबरोबर ती वीस अक्षरे दोन वर्षे रायपूरहून सगळ्या राज्यात जात होती आणि कोणालाही दिसत नव्हती. मला त्याचे समाधान वाटे. या फाइलीला माझ्याखेरीज कोणी हात लावायचा नाही, असा मी नियमच केला होता.

भरतीचे काम आले तेव्हा बुलावापत्रांची स्क्रिप्ट देवलाल साहू यांनी लिहिली. संचालकांच्या लेखातला बेनाव 'कंत्राटी प्रोग्रामर' तो हाच. चाळिशी ओलांडलेला, जाड चष्म्याचा, मितभाषी माणूस. आधी ते गोल बाजारात एका छापखान्यात कंपोजिटर होते. शिशाचे खिळे गेले, संगणक आले, तेव्हा ते स्वतःच्या हिमतीने शिकले. त्यांची नजर कंपोजिटरचीच राहिली होती, एक जास्तीचा ठिपका दिसला तरी त्यांचे बोट तिथे जाऊन थांबे. पत्र आणि सोबतचे अर्ज दाबून बांधलेली एक लहान फाइल प्रत्येक उमेदवाराला डाउनलोड करून घ्यायची होती. कागदपत्रांच्या तपासणीची तारीख आणि जागा त्या पत्रातच होती, टपालाने काहीही जाणार नव्हते.

साहूंच्या टेबलावर सारे उत्तम चालले. सर्व्हरवर चढवल्यावर मात्र एकही फाइल उघडेना. फाइल उतरत असे, पण संगणक म्हणे की ती खराब आहे. उमेदवार पुन्हा मागत, पुन्हा खराब निघे, पुन्हा मागत. दुपारपर्यंत एवढ्या मागण्या आल्या की कोठीच्या वाटा तुंबल्या आणि पडद्यावर 'जोडण्या संपल्या' असा संदेश झळकू लागला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या पडद्याचे छायाचित्र आले. सर्वांच्या स्मरणात राहिले आहे ते हेच छायाचित्र. ताप मोजला गेला, रोग कोणी पाहिला नाही.

संचालक माझ्या खोलीत आले. "कुळकर्णी, साहूनं जोडणी बंद केली नाही म्हणतात. खरं आहे का?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणून राहिले."

कोणीही ती स्क्रिप्ट वाचलेली नव्हती. मी वाचली होती. जोडणी बंद करण्याची ओळ तीत होती आणि योग्य जागी होती, फाइल पाठवायला सुरुवात होण्याच्या आधी. त्या स्क्रिप्टची छापील प्रत माझ्याकडे आजही आहे. संचालकांनी पुढच्या लेखापूर्वी ती येऊन पाहावी.

त्याच दिवशी दुपारी साहू माझ्या टेबलाशी आले आणि बराच वेळ उभे राहिले.

"सर, एक बार कनेक्शन वाली फाइल ऊपर से देख लेते."

"ऊपर से मतलब?"

"मतलब... एकदम शुरू से."

"साहू, वह फाइल दो साल से चल रही है. तुम्हारी स्क्रिप्ट को दो दिन हुए हैं. अपनी देखो."

"हव, सर," म्हणून ते परत गेले. 'हव' हे इथल्या माणसाचे होकार देणे. त्यात किती गिळलेले असते, हे ऐकणाऱ्याला कळेलच असे नाही.

चौथ्या दिवशी सकाळी एक बाई आली. बस्तरच्या आतल्या भागातून दोन बसगाड्या बदलून आली होती. अंगावर धुवट साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी न घातलेले चार कागद. शिपायाने तिला माझ्याकडे पाठवले.

"सर, ये हमारा लेटर है. इसमें कब का डेट लिखा है? गाँव में कोई पढ़ नहीं पाया."

मी कागद घेतले. तिच्या गावाजवळच्या इंटरनेटवाल्याला फाइल उघडता आली नव्हती. त्याने ती साध्या मजकुराच्या खिडकीत उघडली आणि जे दिसले ते छापून दिले. चौकोन, ठिपके, उलटेसुलटे आकडे, कोणत्याही भाषेत नसलेली अक्षरे, अशी चार पाने. खाली त्याच्या दुकानाचा शिक्का आणि तारीख, मागे तिचे नाव आणि अनुक्रमांक.

"ये लेटर नहीं है, बाई," मी म्हणालो. "ये फाइल खराब हो गई है."

"नहीं सर, सरकारी ही है." तिने पहिल्या पानाच्या माथ्यावर बोट ठेवले. "देखिए न, ऊपर श्री लिखा है. इतना अंग्रेज़ी तो हम पढ़ लेते हैं."

त्या चार पानांवर तेवढेच वाचण्याजोगे होते. दोन दंड, श्री, दोन दंड.

मला सारे एका क्षणात उमगले. साहूंच्या टेबलावर सारे चालत होते, कारण त्यांच्या संगणकात त्यांची स्वतःची जोडणीची फाइल होती आणि तिच्या माथ्यावर काही नव्हते. सर्व्हरवर माझी फाइल होती. पानांत जो श्री अदृश्य राहत होता तो डाउनलोडच्या फाइलीत सर्वांत पुढे जाऊन बसला होता. फाइल किती लांब आहे हे स्क्रिप्ट आधी सांगून ठेवते आणि समोरचा संगणक तेवढीच अक्षरे घेऊन दार लावतो. माझी वीस अक्षरे पुढे घुसली, म्हणून प्रत्येक उमेदवाराच्या फाइलीची शेवटची वीस अक्षरे बाहेर राहिली. डोके बदललेली, शेपूट तुटलेली फाइल कोणता संगणक उघडणार?

बाईला मी तिच्या अनुक्रमांकावरून तारीख पाहून दिली. ती तारीख आदल्या दिवशीची होती. पिशवीची घडी घालून तिने ती कमरेला खोचली आणि मग विचारले, "हमारा कागज़?"

"जमा हो गया," मी म्हणालो.

"रसीद?"

"इसकी रसीद नहीं होती."

ती गेली. मी दार लोटले, जोडणीची फाइल उघडली आणि पहिली ओळ पुसली. एका मिनिटाचे काम. फाइली उतरू लागल्या, उघडू लागल्या, गर्दी ओसरली, वाटा मोकळ्या झाल्या. बाहेर येऊन मी सांगितले की सर्व्हरची मांडणी नव्याने केली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा पाहुण्यांना सांगतो तो प्रसंग हाच.

दोन दिवसांनी आदेश निघाला. तपासणीच्या तारखेपूर्वी पत्र उतरवण्याचा प्रयत्न केल्याचा लेखी पुरावा जो आणील, त्याला दुसरी संधी मिळेल. शिक्का आणि तारीख असलेले चार कागद माझ्या खणात होते. मागे नाव होते, अनुक्रमांक होता, कोठीत तिच्या गावाचा पत्ता होता. ते मी पाठवू शकत होतो. पण ते ज्या टेबलावर गेले असते तिथे कोणी तरी पहिली ओळ वाचली असती. मी खणाला कुलूप लावले. काही आठवड्यांनी मी कोठीत तिचा अनुक्रमांक टाकून पाहिला. तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' असे लिहिले होते. ती कोठीही मीच उभारली होती. तिच्यात चुकीची नोंद राहत नाही, असे मी सर्वांना सांगत असे.

चौकशी आठवड्याने झाली. संचालक आणि बाहेरचे दोन अधिकारी एका बाजूला, साहू मांडीवर फाइलींची पिशवी घेऊन दुसऱ्या बाजूला आणि मी, जाणकार म्हणून, मध्ये. मला विचारले, "तुमच्या जोडणीच्या फाइलीत काही दोष आहे काय?"

"ती मी स्वतः तपासली आहे. तिच्यात काहीही दोष नाही," मी म्हणालो. त्या दिवशी ते खरे होते.

मग साहूंना विचारले, "आपको कुछ कहना है?"

साहूंनी माझ्याकडे पाहिले. "सर को सब मालूम है. सर बता देंगे."

मी चष्मा पुसत होतो. चष्मा पुसून झाल्यावरही पुसत होतो. अहवालात लिहिले गेले की जोडणी बंद करण्याची ओळ स्क्रिप्टमध्ये नव्हती. ती होती. साहूंचे कंत्राट संपवले गेले आणि पुन्हा कोणत्याही सरकारी कामावर त्यांना घेऊ नये, असा शेराही पडला.

त्यांनी पुरानी बस्तीत टंकलेखन आणि झेरॉक्सचे दुकान थाटले. तिथे जायला मला निवृत्त होईपर्यंत धीर झाला नाही. गेलो तेव्हा त्यांनी स्टूल पुसून पुढे केले, चहा मागवला. मी घरून वाक्ये रचून नेली होती. त्यातले पहिलेच बोललो, "साहू, वो गलती मेरी फाइल में थी."

"मालूम है, सर. दूसरे दिन ही दिख गया था."

"फिर मिटाया क्यों नहीं? एक लाइन थी."

"आपने मना किया था." ते थोडे हसले. "और सर, बीस साल छापाखाने में काम किया. मालिक का लिखा श्री कंपोजिटर नहीं उतारता. मालिक खुद उतारे तो उतारे."

"चौकशीत तरी बोलायचं होतं," मी मराठीतच बोललो. त्यांना ती कळत असे.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "चौथे दिन देखा, लाइन हट गई है. मैं समझ गया, सर को पता चल गया. घर जाकर घरवाली से बोला, अब चिंता नहीं, सर खुद बोल देंगे. कमेटी के दिन तक यही बोलता रहा."

मी उठलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातल्या पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स न विचारता काढून दिली.

साहू आता हयात नाहीत. दोन वर्षे झाली. म्हणूनच गेल्या वर्षीचा लेख मला सोसला नाही. जिवंत माणसाची बदनामी मी निमूटपणे पाहिली होती, मेलेल्याचीही पाहत बसलो तर माझ्या हातून उरायचे काय? संचालकांशी माझा वाद जुना आहे आणि तो मी हरणार नाही. ते म्हणतात गर्दीमुळे झाले. गर्दी परिणाम होती. ते म्हणतात साहूंनी जोडणी बंद केली नाही. केली होती. ते म्हणतात चमूने सुरळीत केले. एका माणसाने दार लोटून एक ओळ पुसली, आणि ती ओळ त्याच माणसाने लिहिलेली होती.

परवा कपाट आवरताना सौ.ला ते चार कागद सापडले. "हे काय हो? काहून ठेवून राहिले एवढी वर्षं? काही वाचताच नाही येत यातलं."

"एक ओळ येते," मी म्हणालो. तिने चष्मा लावून पाहिले. "अगं बाई, श्री आहे," असे म्हणून कागद कपाळाला लावले आणि मला परत दिले. तिला मी अजून काही सांगितलेले नाही. ती हा अंक पहिल्या पानापासून वाचते.

लेखासोबत मी त्यातला पहिला कागद संपादकांकडे पाठवत आहे. मागची बाजू छापू नये, तिथे त्या बाईचे नाव आहे आणि तिच्या परवानगीवाचून तिची एक वस्तू मी आधीच ठेवून घेतलेली आहे. पुढची बाजू मात्र अवश्य छापावी, लहान करू नये. तीत वाचण्याजोगी एकच ओळ आहे. ती साहूंनी लिहिलेली नाही.